परळच्या जुन्या इमारतीत कुत्रा पाळावा का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

परळगाव (प्रश्न):
आम्ही परळला, लिफ्ट नसलेल्या चार मजली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घर दोन खोल्यांचे असून पुढे सगळ्या बिऱ्हाडांना सामाईक अशी लांब गॅलरी आहे. घरात मी, पत्नी, नववीत शिकणारी मुलगी आणि ७८ वर्षांचे वडील अशी माणसे आहेत. मुलीने गेले वर्षभर कुत्र्याचा हट्ट धरला आहे आणि आता पत्नीचेही मत तिच्या बाजूला झुकले आहे. मुलीला गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लांपैकी एखादे हवे आहे, तर पत्नीच्या ओळखीचे एक गृहस्थ लॅब्राडॉरचे पिल्लू देऊ म्हणतात.

माझ्या शंका अशा आहेत. एवढ्याशा घरात कुत्र्याचे हाल होणार नाहीत ना? आम्ही दोघे नोकरीवर आणि मुलगी शाळेत गेल्यावर घरी फक्त वडील असतात, त्यांच्याच्याने हे झेपेल का? आमच्या परिसरात पावसाळ्यात पाणी तुंबते, तेव्हा काय करायचे? शिवाय सोसायटीने पूर्वी कधीतरी सर्वसाधारण सभेत ‘इमारतीत कुत्री पाळू नयेत’ असा ठराव केलेला आहे आणि सचिव तो दाखवायला तयारच बसलेले आहेत. भांडण करून कुत्रा आणण्याची माझी इच्छा नाही, पण हा ठराव खरोखर बंधनकारक आहे का, हे समजून घ्यायचे आहे.

माजी सचिव:
नायगावच्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद मी बरीच वर्षे सांभाळले आहे, त्यामुळे ठरावाच्या मुद्द्यापुरते लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या असून, बहुमताने ठरवले तरी संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. कुत्र्याच्या जातीवरून किंवा आकारावरून भेदभाव करता येत नाही आणि केवळ तो भुंकतो एवढ्यावरून त्याला घराबाहेर काढायलाही सांगता येत नाही. थोडक्यात, तुमच्या सचिवांच्या कपाटातला ठराव टिकणारा नाही.

परंतु त्याच सूचनांमध्ये कुत्र्याचे लसीकरण, सार्वजनिक जागेत पट्टा आणि विष्ठा स्वतः उचलणे यांची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, हा भाग प्राणिप्रेमी मंडळी सहसा वाचून दाखवत नाहीत. महापालिकेचा परवानाही घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला लागतो. तेव्हा माझी सूचना अशी की, कायद्याचा कागद पुढे करण्याआधी संस्थेला एक साधे पत्र द्यावे. लसीकरणाच्या आणि परवान्याच्या प्रती आपण देणार आहात, कुत्र्याला कोण आणि साधारण कोणत्या वेळी जिन्यावरून नेणार आहे, तो गॅलरीत मोकळा सोडला जाणार नाही, इतके त्यात लिहिले तरी पुरे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी क्वचितच कुत्र्याबद्दल असत. जिन्याच्या वळणावरचा मुताचा वास, शेजारच्या वाळवणावर उडालेले केस आणि मालकाचे उर्मट उत्तर, हेच त्यांचे खरे विषय असत. सगळे करूनही संस्था अडून बसली, तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाण्याचा मार्ग आहेच.

(कुत्र्यांवरून वाद या शहराला नवा नाही. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध फोर्टात पारशी मंडळींनी चक्क दंगल केली होती, त्यामानाने तुमची सर्वसाधारण सभा सौम्यच म्हणायची.)

बैलघोड्याजवळ:
आपण परळला राहता, ही या बाबतीत मोठीच सोय आहे. बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, म्हणजे आपले बैलघोडा हॉस्पिटल, आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय दोन्ही तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. महालक्ष्मीला टाटा न्यासाचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालयही २०२४ पासून सुरू झाले आहे. तरीही नेहमीच्या तपासण्यांसाठी जवळचा एक पशुवैद्य धरून ठेवावा, कारण जनावर रोज पाहणाऱ्याला जे कळते ते रुग्णालयातल्या गर्दीत कळत नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र गांभीर्याने विचार करा. हिंदमाता, परळ, लालबाग या पट्ट्यात पाणी तुंबले की त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हा रोग माणसांना होतो तसाच कुत्र्यांनाही होतो आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो घरातल्या माणसांपर्यंतही येऊ शकतो. रेबीज, पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्या लशी सगळेच आठवणीने घेतात, पण लेप्टोची लस आपल्या भागात तितकीच महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षी तिचे काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात आणि पुढे ती दर वर्षी द्यावी लागते, म्हणून हे काम पाऊस येण्याच्या आत, एप्रिल-मेमध्ये उरकलेले बरे. लस घेतली तरी ती या जंतूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, त्यामुळे तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्याला चालवू नये आणि तिथले पाणी तर मुळीच पिऊ देऊ नये. फिरून आल्यावर चारही पाय साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, कारण ओल राहिली की तिथे बुरशी धरते आणि कुत्रा रात्रभर पाय चाटत बसतो.

दुसरी काळजी गोचिडांची. कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान आणि बोटांच्या मधली जागा रोज हाताने चाचपावी. कुत्रा अचानक मलूल झाला, खाईनासा झाला, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या किंवा नाकातून रक्त आले, तर गोचीड तापाची शंका धरून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. ‘उद्या बघू’ म्हणण्यात या तापाने बरीच कुत्री गेलेली मी पाहिली आहेत.

पाच बागा:
जागेविषयी एवढेच सांगतो की प्रौढ कुत्रा दिवसातले बारा ते चौदा तास झोपतो आणि त्यासाठी त्याला माणसांच्या जवळचा एक थंड कोपरा लागतो, दिवाणखाना लागत नाही. दोन वेळचे नीट चालणे मात्र कोणत्याही सबबीखाली चुकता कामा नये. महापालिकेच्या बहुतेक उद्यानांत कुत्र्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे आमच्याकडे माटुंग्याला पाच बागांच्या भोवतालच्या रस्त्यांवर सकाळी श्वानमंडळींचा मेळावाच भरलेला असतो. तुम्हाला आपल्या भागातला वाहनांची वर्दळ कमी असलेला एखादा मार्ग शोधावा लागेल. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत यावे. डांबरावर हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून पाहावी, आपल्याला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसतो.

लॅब्राडॉरचा विचार मी आपल्या जागी असतो तर सोडून दिला असता. तो स्वभावाने गोड असतो हे खरे, पण पूर्ण वाढल्यावर त्याचे वजन तीस किलोच्या आसपास जाते, त्याला लठ्ठपणाचा आणि खुब्याच्या दुखण्याचा कल असतो, आणि अशा कुत्र्याला म्हातारपणी तीन मजले उचलून न्यायची पाळी आली तर ते कोण करणार, याचे उत्तर आजच शोधावे लागेल. आपला देशी कुत्रा अंगाने सुटसुटीत, कमी केसांचा आणि इथल्या हवेला सरावलेला असतो.

गॅलरीतला शेजारी:
मी कुत्रा पाळत नाही, तरी मुद्दाम लिहितो आहे. आमच्या मजल्यावर एक कुत्रा आहे आणि माझ्या धाकट्या मुलाला कुत्र्याची भीती वाटते. ‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य कितीही वेळा ऐकले तरी त्याची भीती कमी झालेली नाही. अरुंद जिन्यावर समोरून पट्टा सैल सोडलेला कुत्रा आला, की लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला सरकायला जागाच नसते. आपल्याला कुत्रा आणायचा असेल तर अवश्य आणावा, माझी हरकत असण्याचे कारण नाही, पण जिन्यावर पट्टा आखूड धरावा, वळणावर थांबून आधी हाक द्यावी, आणि शेजाऱ्याला कुत्रा आवडलाच पाहिजे असा आग्रह धरू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे, एकटा राहिलेला कुत्रा दुपारभर दाराशी रडतो, हे मालकाला कधीच कळत नाही, कारण तेव्हा तो कचेरीत असतो. आठवड्यातून एकदा तरी आम्हा शेजाऱ्यांना त्याबद्दल विचारावे.

परळगाव:
सर्वांचे आभार. शेजाऱ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांचे विशेष, कारण तो विचार मी केला नव्हता. वडिलांशी बोललो. ते म्हणतात, गावी असताना आमच्या दारात नेहमी कुत्रा असे आणि भाकरीचा तुकडा व ताक यांवर तो वाढत असे, तुम्ही उगाच बाऊ करता. त्यांना दुपारी सोबत हवी आहे, हे मला त्यातून कळले. आता प्रश्न दोन उरले आहेत. पिल्लू आणावे की मोठा कुत्रा? आणि आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, तर उद्या भाड्याच्या घरात जावे लागल्यास काय करायचे?

भाड्याच्या घरात:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आमची इमारत पाडलेली आहे आणि आम्ही कुत्र्यासह भाड्याने राहतो आहोत. विकासकाकडून भाडे मिळते, पण कुत्रा म्हटल्यावर दलाल पुढचे घर दाखवतच नाहीत, हा अनुभव आपल्याला नक्की येईल. सोसायटीला बंदी घालता येत नसली, तरी घरमालकाला आपले घर कोणाला द्यायचे हे ठरवता येते, आणि कुत्रा लपवून घेतलेले घर अकरा महिन्यांनी हातचे जाते. म्हणून दलालाला पहिल्याच फोनवर सांगावे, लसीकरणाचे पुस्तक आणि परवाना सोबत ठेवावा, शक्य असल्यास मालकाला कुत्रा प्रत्यक्ष दाखवावा आणि भाडेकराराच्या मसुद्यात पाळीव प्राण्याचा उल्लेख करून घ्यावा. आम्हाला अखेर शिवडीच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचे घर मिळाले. शोधायला वेळ लागतो, तेव्हा इमारत रिकामी करण्याची नोटीस येण्याची वाट पाहू नये.

पिल्लू की मोठा, यावर माझे मत स्पष्ट आहे. पिल्लू दर दोन-तीन तासांनी शू करते, हाताला लागेल ते चावते आणि त्याच्या लशी पूर्ण होईपर्यंत त्याला जमिनीवर फिरवताही येत नाही, कारण पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकून राहतात. वडिलांना दिवसभर वाकून फरशी पुसायला लावणे बरे दिसणार नाही. गल्लीतच दीड-दोन वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला, म्हणजे एका कानाला खाच असलेला शांत कुत्रा किंवा कुत्री असेल, तर तिचा विचार करावा. मात्र पट्टा वडिलांच्या हातात जिन्यावर देऊ नका. त्यांनी तिला घरात खाऊपिऊ घालावे आणि वर-खाली नेण्याचे काम आपण तिघांनी वाटून घ्यावे. जेवणात कांदा-लसूण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट यांतले काहीही जाऊ देऊ नये. कांदेपोह्यांचा उरलेला घास प्रेमाने भरवणारे आजोबा प्रत्येक घरात असतात.

लालबागकर:
वरच्या सगळ्यांनी ‘काय’ सांगितले, मी ‘कधी’ ते सांगतो. आपल्या भागात जून ते सप्टेंबर तुंबलेले पाणी, त्यात गणपतीचे दहा दिवस ढोल-ताशे, अनंत चतुर्दशीला रात्रभर मिरवणुका आणि मग दिवाळीचे फटाके. नव्या घरात बुजलेल्या जनावराला या काळात आणणे म्हणजे त्याचा छळ आहे. दिवाळी होऊन जाऊ द्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणा. मुलीने पिल्लाचाच हट्ट धरला, तरी गल्लीतल्या कुत्र्या बहुतेक थंडीच्याच सुमारास वितात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत लशी पूर्ण होतात, जिन्याची सवय लागते आणि पुढच्या गणपतीपर्यंत घर त्याचे झालेले असते.

मिरवणुकीच्या दिवशी संध्याकाळचे फिरणे दुपारीच उरकावे, खिडक्या लावून आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही सुरू ठेवावा, आणि तो पलंगाखाली शिरला तर ओढून बाहेर काढू नये. पट्ट्यावर मोबाइल क्रमांक कोरलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून असावा, जमल्यास पशुवैद्याकडून मायक्रोचिपही बसवून घ्यावी, कारण घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून सुटला की त्या गर्दीत थेट भायखळ्यापर्यंत पळतो. भाड्याच्या घरात गेलात किंवा क्रमांक बदललात, तर बिल्लाही त्याच आठवड्यात बदला.