घड्याळातील कॅलरींचा आकडा कितपत धरावा?

प्रश्न : रंकाळ्याभोवती तासभर चालून आल्यावर माझे घड्याळ एक आकडा दाखवते आणि मोबाईलमधील ॲप त्याहून बराच मोठा. आहार ठरवताना कोणता धरावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : कोणताही तंतोतंत धरू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात मनगटावरील सात उपकरणे तपासली असता, बहुतेकांनी हृदयाचे ठोके बऱ्यापैकी अचूक मोजले. परंतु कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. ठोके, हालचाल, वय आणि वजन यांवरून बांधलेला तो अंदाजच असतो.

उत्तर २ : ढोबळ पडताळा घरीच घेता येतो. मध्यम गतीच्या चालण्याला सुमारे ३.५ मेट (शांत बसल्यावर लागते त्याच्या किती पट ऊर्जा लागते, याचे माप; १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी) धरतात, म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीला तासाला साधारण २४५ कॅलरी लागतात. त्यांपैकी ७० तर नुसते बसूनही खर्च झाल्या असत्या. त्या काही ॲप धरतात, काही वगळतात, आणि तुमच्या दोन आकड्यांतील काही फरक बहुधा इथलाच असावा. ॲपमध्ये भरलेले वजन जुने नाही ना, तेही पाहावे.

उत्तर ३ : तालमीत जोर मारणाऱ्यांनी अधिकच सावध राहावे, हात जमिनीला टेकलेले असल्याने मनगटावरील घड्याळाला ती मेहनत नीट कळत नाही.