हाताला चाळा हवा आहे, आवाज न करणारं काही सुचवा

कुहूक
नमस्कार मंडळी. मला अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी सोलायची सवय आहे, पार शाळेपासूनची. कामाचा ताण आला की जोर करते. सध्या ऑडिट चालू आहे आणि दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या. लिंबू पिळताना जीव जातो. घरचे "हात खाली घे" म्हणतात, मग हात टेबलाखाली जाऊन तेच करतात.

तर हातात धरायला काहीतरी हवंय. आवाज नको, कारण माझ्या पेनाच्या टकटकीला शेजारचे आधीच वैतागलेत. पर्समध्ये मावावं, न बघता हाताळता यावं आणि खेळणं वाटू नये. लेकाचं पॉप-इट (रबरी बुडबुडे दाबायचं खेळणं) ढापून पाहिलं, पण ते इंद्रधनुष्य साहेबांसमोर काढवत नाही. पाचशेच्या आत बसवा. कडू नेलपॉलिश सुचवू नका, मी दात लावत नाही.

हापूसखोर
स्पिनर! २०१७ साली घराघरात आले होते, एखादा कपाटात सापडेलच. फुकटात काम.

रानजाई
@हापूसखोर, स्पिनर फिरवला की डोळे त्याच्याकडेच जातात. तिला न बघता चालणारं हवंय. शिवाय बोट नुसतं धरून बसतं, त्याला काही कामच नाही.
कुहूक, फिजेट क्यूब बघ. २०१६ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून आला तोच. सहा बाजूंना सहा उद्योग. बटणांच्या बाजूला काही वाजणारी आणि काही मुकी. एका बाजूला अंगठा फिरवायला नुसता खळगा आहे, मला तोच आवडतो. काळा घेतलास तर कोणी ढुंकून बघत नाही. स्वस्त नकलांमध्ये मात्र मुकी बटणंही वाजतात.

तळहात
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणून जरा लांबण लावते.

वस्तू निवडण्याआधी हात काय करतो ते बघा. कातडी सोलणाऱ्यांचं बोट आधी चाचपत फिरतं, कुठे खरखरीत टोक लागतंय का ते शोधतं. टोक लागलं की मग सोलणं. त्यामुळे गुळगुळीत स्ट्रेस बॉल दिला की बोट दोन मिनिटांत कंटाळून परत अंगठ्याकडे. दाबायची सवय असणाऱ्यांना बॉल ठीक. तुम्हाला खडबडीत, नखाला लागेल असंच काही हवं.

एक, स्प्रिंगसारखी काटेरी ॲक्युप्रेशर रिंग. जत्रेत, प्रदर्शनात अगदी किरकोळ पैशांत मिळते. बोटावर वरखाली फिरवायची, आवाज शून्य.
दोन, थेरपी पुटी, म्हणजे हाताच्या व्यायामासाठीचा कणकेसारखा मऊ गोळा. मळायची, ताणायची, चिमटे काढून तोडायची. सोलण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच. पण कपड्याला चिकटते आणि पर्समधला सगळा कचरा गोळा करते, त्यामुळे घरीच.
आणि शोधायला टोकच मिळू नये म्हणून रात्री व्हॅसलीन किंवा साजूक तूप चोळा. सुटलेलं टोक लहान कात्रीने लगेच कापा, ओढू नका.

वस्तू जवळ नसेल तेव्हा मूठ आवळून धरा, हुक्की ओसरेपर्यंत. अशा सवयींसाठी ॲझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेली पद्धत साधारण याच तत्त्वावर आहे. आधी हात कधी तिकडे जातो ते ओळखायचं, मग तिथे दुसरी हालचाल बसवायची. पू झाला, किंवा ठरवूनही थांबवता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. याला निदान आहे आणि उपचारही आहेत.

पाचवा_मजला
चुंबकाच्या छोट्या गोळ्या मिळतात, हातात चुरत बसायला झकास. मी कॉलवर तेच करतो.

डॉक्टरीण
@पाचवा_मजला, घरात लहान मूल असेल तर अजिबात नको. कुहूकच्या घरी लेक आहे. अशा दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी पोटात गेल्या तर आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकींना खेचतात आणि मधल्या भिंतीला भोक पडतं. सरळ ऑपरेशन. अमेरिकेत २०१२ साली सरकारी यंत्रणेने यावरून उत्पादकावर कारवाई केली होती. दिव्याच्या स्पिनरमधल्या बटन सेलचंही तसंच, गिळला तर अन्ननलिका भाजते.

परदेशस्थ
ग्रीसमध्ये म्हातारे लोक कॉफीच्या दुकानात कोम्बोलोई घेऊन बसतात. मण्यांची छोटी माळ, पण तिचा जपाशी संबंध नाही, निव्वळ चाळा. झटका देऊन फिरवली की वाजते, एकेक मणी सरकवला तर नाही.

हापूसखोर
मग आपली जपमाळ काय वाईट?

सुलभाकाकू
अरे, जपाची माळ जपालाच. मीटिंगमध्ये काय रामनाम घेणार आहे ती?
कुहूक बाळा, कॅमेरा बंद असेल तेव्हा वाती वळ. कापसातली सरकी काढायची, पेळू मोकळा करायचा, बोटाला किंचित भस्म लावून वळायचा. बोटांना शोधायला, ओढायला, पिळायला सगळं मिळतं आणि देवघराचा डबा भरतो. ऑफिसात नेण्यासाठी सागरगोटा.

रानजाई
सागरगोटा!! काकू, कुठे सुचलं हे!

सुलभाकाकू
त्यात काय. करड्या रंगाचा, टणक, चकचकीत. नीट बघितलंस तर अंगावर बारीक आडव्या रेघा असतात, त्यावर नख फिरतं. एका टोकाला डेखाची खूण, तिथे अंगठ्याचं टोक बरोब्बर बसतं. मुठीत धरला की लगेच कोमट होतो. एकच घे, दोन घेतलेस तर वाजतात. काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल, पण अख्खं बी माग, नाहीतर पूड देतील. लेकापासून लांब ठेव, तोंडात घालतात पोरं.

कुहूक
काकू, तळहात, डॉक्टरीण, खूप आभार. घरी पुटी आणि वाती, ऑफिसात रिंग आणि सागरगोटा असं ठरवलंय. क्यूब पुढच्या पगाराला. रिंग दिवसभर बोटात ठेवली तर चालेल का?

तळहात
नको, रक्त अडतं. पाच-दहा मिनिटं फिरवून काढून ठेवा आणि पट्टी असलेल्या बोटात घालू नका. घेताना तारेचं टोक आत वळवलेलं आहे ना तेवढं बघा. बाहेर आलेलं असेल तर ते कातडी ओरबाडतं, आणि मग तुमच्या बोटांना सोलायला आयतंच टोक मिळेल.