नाचण्याची आंबील दाट होत नाही, वर पीठ कडसर – कुठं चुकतंय?

जांबोटी_रस्ता
मृगाच्या आधी पावसाळ्याची बेगमी म्हणून 5 किलो नाचणा भिजवला, मोड आणले, वाळवून गिरणीतून दळून आणला. आंबील रात्री आंबवून सकाळी शिजवली, अर्धी वाटी पीठ आणि एकूण 5 वाट्या पाणी. कितीही आटवा, ताकासारखी पातळच राहते. पीठ वाढवलं तरी तेच. चव कडसर. दोनदा तर आंबवलेल्या पिठाला तार सुटली. मोड तीन दिवस ठेवले होते, चांगले लांब आले होते. शिवाय हे पीठ पाऊसभर टिकेल का?

बुट्टी_सूप
आंबवण्यात नाही, पिठातच गोम आहे. धान्याला मोड आले की त्यात पिष्ट फोडणारं द्रव्य तयार होतं. पीठ गरम व्हायला लागलं की ते कामाला लागतं आणि खळ पातळ करून टाकतं. म्हणून मोडाच्या पिठाची पेज पातळ होते. लहान मुलांना तीच सोयीची, कारण पातळ पेजेत जास्त पीठ मावतं. पण आंबिलीला हवा साधा, मोड न आणलेला नाचणा. दोन डबे वेगळेच ठेवा.

कडसरपणा लांब मोडांचा. तीन दिवस फार झाले. उन्हाळ्यात असं करा:

नाचणा रोळून घ्या, खडे तळाला राहतात. 10-12 तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. मग तासभर निथळवून पातळ सुती फडक्यात सैल बांधा आणि बुट्टीत ठेवा. आठ-आठ तासांनी पाण्याचा हबका मारून खालचं वर करा, नाहीतर मधला गोळा तापतो, आंबूस वास येतो आणि बुरशी धरते. 24 तासांत दाण्याएवढा मोड दिसला की थांबायचं. थंडीत 36 ते 48 तास लागतात. वाळवताना थर अर्ध्या बोटापेक्षा जाड नको. दात लावल्यावर दाणा कट् वाजला पाहिजे. मग हातावर चोळून सुपानं पाखडा. वाळलेल्या मोडांचा भुसा उडाला की निम्मा कडवटपणा तिथंच जातो. ही पायरी बहुतेकजण गाळतात.

जोंधळा_लसूण
वरच्याशी सहमत. तार सुटण्याबद्दल: भांडं उकळत्या पाण्यानं न धुणं, चुलीशेजारी ऊबेला ठेवणं, उन्हाळ्यात 12 तासांच्या वर राहणं, या तिन्हीतलं एक असतं. तार सुटलेलं उकळून वाचवू नका, टाकून द्या.

साध्या पिठाची आंबील, चौघांना: अर्धी वाटी पीठ, 1 वाटी पाणी, 2 चमचे आंबट ताक गाडग्यात किंवा स्टीलच्या डब्यात कालवा. अॅल्युमिनियम नको, बिनकल्हईचं पितळ तर नकोच. एप्रिल-मेमध्ये 8 तास, डिसेंबरात 14. बारीक बुडबुडे आले, वास ताकासारखा आंबट झाला की तयार. 4 वाट्या पाणी मीठ घालून उकळा, गॅस बारीक करा, आंबवलेलं पीठ एका हातानं ओता आणि दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहा. गुठळ्या होतात त्या फक्त पहिल्या मिनिटात, तेवढं लक्ष. पुढे 10-12 मिनिटं. कच्चा वास जाऊन वर चकाकी आली पाहिजे.

ताक मात्र आंबील कोमट झाल्यावरच. गरमात घातलं की फाटतं आणि दोष पिठाला जातो. 2 वाट्या ताक, 4 पाकळ्या ठेचलेला लसूण, अर्धा चमचा भरडलेलं जिरं, कोथिंबीर. सौंदत्ती-बैलहोंगलकडे हीच जोंधळ्याची करतात, कानडीत अंबली. जोंधळ्याचं पीठ जरा भरड असेल तर शिजायला आणखी 5 मिनिटं द्या.

जांबोटी_रस्ता
आता कळलं. पण मोडाचं 4 किलो पीठ पडून आहे, त्याचं काय करू?

बुट्टी_सूप
पेज करा: 2 चमचे पीठ, 1 वाटी पाणी, गार पाण्यातच कालवून सतत ढवळत 7-8 मिनिटं. गूळ विस्तवावरून उतरल्यावर. लाडवांनाही चालेल, आधी मंद आचेवर तुपात भाजून घ्या. नुसत्या या पिठाची भाकरी थापायला जाऊ नका, तुटते. थालीपिठात पाव हिस्सा खपतो. कडसरपणा पूर्ण जाणार नाही, गुळात झाकला जातो एवढंच.

जोंधळा_लसूण
टिकण्याचं राहिलं. दाण्याचा नाचणा वर्षानुवर्षं राहतो, त्याला सहसा कीड लागत नाही. पिठाचं तसं नाही. खानापूरच्या पावसात डब्याचं झाकण दोनदा उघडलं तरी दमट हवा शिरते. दळून आणलं की परातीत पसरून पूर्ण गार करा. गरम पीठ डब्यात भरलं की झाकणाला घाम सुटतो आणि गोळे होतात. पावसाळ्यात 15 दिवसांपुरतंच दळा. मोड आणून वाळवलेला नाचणाही दाणेच ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात. तुमचं 4 किलो आता दळून झालंच आहे, तर जाड तळाच्या कढईत थोडं थोडं मंद आचेवर 5 मिनिटं परता, रंग बदलू न देता. गार झाल्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या बरण्यांत भरा, एका वेळी एकच बरणी उघडा. आणि गिरणीत मिरचीच्या पाठोपाठ नाचणा टाकू नका, जोंधळ्याच्या मागून टाकायला सांगा.