राउसडालच्या पवनचक्कीचा प्रिंट काळपट येतोय, आभाळ हिरवट. कागद घ्यावा की कॅनव्हास?

बाणकोटकर
याकोब फान राउसडालचं ‘वाइक बाय ड्यूरस्टेडेची पवनचक्की’ (साधारण 1668–70, मूळ 83 × 101 सेंमी, अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम) दिवाणखान्यासाठी छापून घ्यायचं आहे. फाइल संग्रहालयाच्याच साइटवरची, 5656 × 4648 पिक्सेल. प्रिंटवाला म्हणतो, 30 × 24 इंच कॅनव्हासवर करू. ए4 नमुना काढला तर नदीकाठ नुसता काळा आणि ढगांच्या करड्या भागावर हिरवी झाक. फाइल खराब आहे का? कॅनव्हास घ्यावा की कागद? घर रत्नागिरीत, भिंत पावसाळ्यात थोडी ओल धरते. फ्रेम कशी करून घ्यावी?

मोजपट्टी
आधी माप. 101 ला 83 ने भागा, 1.217 येतं. 30 × 24 चं प्रमाण 1.25. म्हणजे 30 इंच रुंदीला उंची 24.65 हवी, 24 मध्ये बसवायचं तर वरखाली मिळून अर्धा-पाऊण सेंटीमीटर नव्हे, चांगला दीड सेंटीमीटरहून जास्त भाग कापला जाणार, किंवा चित्र आडवं ताणलं जाणार. ताणलेलं तर लगेच कळतं, चक्की बुटकी दिसते.

24 चा आग्रह का, तर त्याचं मशीन 24 इंची रोलचं असणार. मग 28 × 23 इंच सांगा. प्रमाण अचूक बसतं, रोलवर वरखाली अर्धा-अर्धा इंच कोरा कागद उरतो आणि 5656 भागिले 28 म्हणजे इंचाला 202 पिक्सेल मिळतात. एवढ्या मोठ्या चित्राकडे चार-पाच फुटांवरून बघतात, तिथे 200 पुरे. 300 चा हट्ट हातात धरून बघायच्या छोट्या प्रिंटसाठी. डाव्या-उजव्या बाजूला मात्र एकेक इंच कोरा ठेवायला सांगा, फ्रेम करताना उपयोगी पडतो.

सॉफ्टवेअरने फाइल ‘मोठी’ करून घेऊ नका. झाडांच्या जागी ते स्वतःची पानं रचतं आणि जुन्या रंगाच्या बारीक भेगा धारदार करून ठेवतं.

करडी पट्टी
फाइलला दोष देण्याआधी एक चाचणी करा. चित्राच्या कडेला करड्या चौकोनांची पट्टी जोडा: 0, 5, 10, 15, 20, 30, मग 128 आणि 200 (0 म्हणजे काळा, 255 पांढरा), लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनेल सारखे. ही पट्टी आणि चित्राचा तुकडा एकत्र छापा. पट्टीसुद्धा हिरवी आली तर चूक प्रिंटरकडची: त्या कागदाचं प्रोफाइल (रंग कसे उतरवायचे ते सांगणारी फाइल) निवडलेलं नाही किंवा रंगांची दुरुस्ती सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर दोघेही करताहेत. दोघांपैकी एकाकडची बंद करायची. पट्टी करडी आणि आभाळ तेवढं हिरवट असेल तर फाइलचं प्रोफाइल तपासा. ते गळून गेलं असेल तर प्रोग्राम अंदाजाने रंग लावतो. आणि हे सगळं दिवसा खिडकीपाशी बघा. दुकानातल्या स्वस्त एलईडीखाली करडा रंग हिरवा दिसणं नेहमीचंच.

काळोखाचं कारण बहुतेक वेळा मॉनिटर. तो पूर्ण उजेडावर असतो, कागद तेवढा उजळ कधीच होत नाही. मॉनिटरचा उजेड 100 कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणून मग ठरवा. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, कागदाचा काळा मुळातच फिका, त्यामुळे गडद छटा एकमेकींत मिसळतात. पट्टीवर कुठल्या आकड्यापर्यंत चौकोन वेगळे दिसत नाहीत ते बघा. समजा 15 पर्यंत एकच काळा दिसतो, तर सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हमध्ये (उजेड-काळोखाची वक्ररेषा) तेवढाच तळ हळूच उचला. सरसकट ब्राइटनेस वाढवलात तर ढगांची उजळ कड पांढरीफट्ट होईल, आणि या चित्रात खरा जीव त्या ढगांतच आहे.

नमुना म्हणजे अख्खं चित्र ए4 वर आक्रसून नव्हे. अंतिम मापातला 8 × 10 इंचाचा तुकडा घ्या, ज्यात उजळ ढगही येईल आणि काळोखा काठही.

झाडी निळसर-तपकिरी वाटली म्हणून हिरवी करू नका. त्या काळचे काही पिवळे रंग उडून जातात आणि हिरव्याचा निळा उरतो. गूगलवर याच चित्राच्या पाच रंगांतल्या पाच प्रती सापडतील, त्यांच्याशी ताडून तर अजिबात बघू नका.

सुती_कागद
कॅनव्हासबद्दल माझं मत विरुद्ध. फाइलमध्ये मूळ कापडाची वीण, भेगा, रंगाच्या थराच्या सावल्या आधीच आहेत. त्यावर नव्या कॅनव्हासची वीण आली की पोत दुहेरी होतो आणि पाणी, ढग खरखरीत दिसतात. शिवाय लाकडावर ताणायचं तर चारी बाजूंना दीड-दोन इंच वळवावे लागतात. चित्राचीच कड वळवली तर उजवीकडच्या त्या तीन बायका कोपऱ्याकडे सरकतात.

300 ते 310 ग्रॅमचा शंभर टक्के सुती मॅट कागद घ्या, ब्राइटनर (पांढरेपणा वाढवणारं रसायन) नसलेला. शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची, आहे का, हे विचाराच. फ्लेक्स छापणाऱ्या सॉल्व्हंट मशीनवरही ‘कॅनव्हास प्रिंट’ निघतो. फिक्या आभाळात ठिपके दिसले तर समजून जा.

चौकट_आणि_काच
रत्नागिरी म्हणजे बुरशी धरून चाला. प्रिंट निघाल्यावर किमान 24 तास उघडा वाळू द्या, नाहीतर काचेच्या आतून धुरकट थर बसतो. प्रिंट काचेला टेकता कामा नये. मॅट कागद दमट हवेत काचेला चिकटला की सोडवता येत नाही. मध्ये आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट), खिडकी 27¾ × 22¾ इंच, कडा 45 अंशांत कापलेल्या, चहूबाजूंनी तीन इंच पट्टी.

प्रिंट माउंटला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवा, जपानी कागदाचे तुकडे आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावून. फ्रेमवाले चारही बाजूंनी टेप मारतात. मग पावसात कागद फुगतो, सरकायला जागा नसते आणि लाटा पडतात. फेव्हिकॉल, सेलोटेप नको. मागे नुसता हार्डबोर्ड लावला तर त्याचं आम्ल कागदात उतरून पिवळे डाग पडतात. मध्ये आम्लविरहित बोर्ड हवाच. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून 6 मिमीची रबरी बटणं लावा, हवा खेळती राहते. ओल धरणारी भिंत मात्र सोडा, तिला बटणंही पुरत नाहीत.

बाणकोटकर
पट्टी छापली. 10 पर्यंत सगळं एकच काळं, आणि पट्टीही हिरवट. म्हणजे प्रोफाइल. एक राहिलंच: मित्रांसाठी चार प्रती काढून विकल्या तर हक्काची अडचण?

मोजपट्टी
राउसडाल 1682 मध्ये गेला, चित्रावर हक्क नाही, आणि राइक्सम्युझियम अशा चित्रांच्या फाइल व्यापारी वापरालाही मोकळ्या देतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतून कॉन्स्टेबलचं ‘हे वेन’ घेणार असाल तर तिथल्या अटी वेगळ्या आहेत, त्या आधी वाचा. हिरवटपणासाठी ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करून तोच तुकडा पुन्हा काढा, कर्व्हला त्याआधी हात लावू नका.