‘प्रोव्होक’चा धूसरपणा दिवाळी अंकात कशाला?

अवंती :
दिवाळी अंकांनी ‘प्रोव्होक’ या जपानी छायाचित्र-नियतकालिकासारखी दाणेदार, हललेली, धूसर छायाचित्रे छापावीत, म्हणजे मांडणीला धार येईल, असे काल येथे एकाने लिहिले, ते वाचून राहवले नाही. १९६८-६९ मध्ये ‘प्रोव्होक’चे अवघे तीन अंक निघाले. शब्द जिथे अपुरे पडतात तिथे छायाचित्राने विचाराला डिवचावे, हा ते काढणाऱ्या छायाचित्रकार नाकाहिरा, समीक्षक ताकी आदींचा आग्रह होता. पान सजवणे हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. १९७० मध्ये जपानी रेल्वेने ‘डिस्कव्हर जपान’च्या जाहिरातींत तोच धूसरपणा पर्यटकांसाठी वापरला, तेव्हा नाकाहिरांनीच त्यावर टीका केली. आपणही तेच करणार का?

छपाईवाला :
अवंतीताई, इतिहास मान्य, निष्कर्ष अमान्य. छायाचित्रकार कावादांचे १९६५ चे ‘चिझू’ हे छायाचित्रांचे पुस्तक पाहा. हिरोशिमाच्या अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या घुमटातील भिंतींवरचे डाग मांडणीकार सुगिउरा कोहेई यांनी दाराच्या दोन फळ्यांसारख्या उघडणाऱ्या पानांत ठेवले, त्यामुळे वाचकाला प्रत्येक डाग स्वतःच्या हाताने उघडावा लागतो. ही मांडणीच आहे. आपला खरा अडसर कागद आहे. आमच्या अंकात ऊसतोड मजुरांवरील लेखाला मी मुद्दाम दाणेदार छायाचित्र दिले. मॅपलिथोवर, म्हणजे शाई शोषणाऱ्या बिनलेपाच्या कागदावर, शाई पसरली आणि बाईच्या डोक्यावरची मोळी, तिचा चेहरा, मागचे आभाळ, सगळ्याचा एकच काळा गोळा झाला. छपाई बिघडली का, असे विचारणारे फोन दिवाळीभर येत होते.

अवंती :
कागदावर खापर फोडू नका. माझी आजी ऊसतोडीला जात असे आणि तिचे एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. त्या बाईचा चेहरा दिसणे हीच त्या लेखाची गरज होती, आणि तोच तुम्ही शैलीपायी घालवलात.

संदीप :
दोघेही कागदापाशी अडकलात, म्हणून सांगतो. त्याच कागदावर आधी प्रूफ काढून काळ्या भागातली शाई कमी केली असती, तर दाणे राहिले असते आणि चेहराही. मी गेली बारा वर्षे हेच करतो. मशीन सुरू झाल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

छपाईवाला :
प्रूफ ऑफिसच्या प्रिंटरवर, गुळगुळीत कागदावर पाहिले होते, हे कबूल करतो. चेहऱ्याबद्दल अवंतीताईंचे म्हणणे मला लागले. तरीही ‘चिझू’बद्दलचा मुद्दा मी मागे घेत नाही.

अवंती :
‘चिझू’पुरते मान्य, कारण तिथे डाग हाच विषय होता. ऊसतोडीच्या लेखाचा विषय डाग नव्हता.