जेएलपीटीची पातळी बघून नोकरी द्यावी का?

भाषावेल्हाळ:
पुण्यातल्या जपानी भाषेच्या नोकऱ्यांच्या जाहिराती काढून बघा. 'एन-३ आवश्यक, एन-२ असल्यास प्राधान्य' ही ओळ ठरलेली. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या या पातळ्या: एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. जिथे दिवसभर बोलायचं काम आहे तिथे हा निकष चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. जेएलपीटीत बोलणं तपासत नाहीत, लिहिणंही नाही. एन-५ पासून एन-१ पर्यंत पर्याय निवडायचा आणि एचबी पेन्सिलीने गोळा भरायचा, एवढंच.

गुणांचा हिशोब मांडून बघा. एकूण गुण १८०. एन-१ ते एन-३ ला तीन विभाग: शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण, प्रत्येकी ६० गुणांचे. एन-२ ला एकूण ९० हवेत आणि प्रत्येक विभागात किमान १९. म्हणजे शब्द-व्याकरणात ४०, वाचनात ५० आणि ऐकण्यात फक्त १९ मिळवणारा उमेदवार १०९ गुणांनी व्यवस्थित पास होतो. उद्या त्याला जपानी ग्राहकाच्या कॉलवर दुभाषी म्हणून बसवलं, तर समोरचा भरभर बोलायला लागल्यावर त्याची गाडी अडणारच. यात त्याचा दोष नाही. जे मोजलंच नाही ते मोजलंय असं कंपनीने धरून चाललं, चूक तिथे आहे.

निळी पेन्सिल:
कंपन्यांबद्दलचं पटलं, परीक्षेबद्दलचं नाही. १९८४ पासून ही परीक्षा आहे आणि २०१० मध्ये चारच्या पाच पातळ्या झाल्या. जुलै आणि डिसेंबरमधल्या एकेका रविवारी जगभरात लाखो लोक बसतात. एवढ्या लोकांची तोंडी परीक्षा घ्यायची तर परीक्षक किती लागतील? आणि पुण्यातल्या परीक्षकाचे १० गुण हनोईतल्या परीक्षकाच्या १० गुणांइतकेच आहेत, हे कोण ठरवणार? इथे गुण थेट बरोबर उत्तरं मोजून देत नाहीत. प्रश्नांची काठिण्यपातळी हिशोबात धरून ते एका समान मापावर आणतात. त्यामुळे जुलैचा पेपर अवघड गेला म्हणून जुलैवाल्यांचं नुकसान होत नाही.

शिवाय 'संभाषण तपासत नाहीत' हे अर्धंच खरं. श्रवणात सोकुजी ओतो, म्हणजे झटपट प्रतिसादाचा भाग असतो. कागदावर काहीही छापलेलं नसतं. एक वाक्य ऐकू येतं, मग तीन उत्तरं, तीही एकदाच. समजा आवाज आला, "कोनो हेया, आत्सुकु नाइ देसु का?" शब्दाला शब्द लावला तर 'ही खोली गरम नाही का?' मनात भाषांतर करत बसणारा 'हो, गरम नाही' या अर्थाचं उत्तर निवडतो. बरोबर उत्तर असतं "मादो, आकेमाश्यो का", म्हणजे खिडकी उघडू का. आपल्याकडेही कुणी 'उकडतंय नाही इथे?' म्हटलं की आपण उठून पंखा लावतो, तापमान सांगत नाही. ही समज संभाषणाचीच आहे, आणि ती गोळा भरूनही तपासता येते.

भाषावेल्हाळ:
समज तपासली, मान्य. पण "मादो, आकेमाश्यो का" हे वाक्य ओळखणं वेगळं आणि दोन सेकंदांत स्वतः जुळवून म्हणणं वेगळं. कांजीचंही, म्हणजे जपानी चित्राक्षरांचंही तेच. पेपरात चार पर्यायांतून योग्य चित्राक्षर ओळखायचं असतं. 'वाट पाहणे' आणि 'हातात धरणे' या दोन क्रियापदांच्या कांजीची उजवी बाजू अगदी एकच आहे, फरक फक्त डावीकडच्या दोन-तीन रेघांचा. शेजारी शेजारी छापली की फरक दिसतो. कोरा कागद पुढे ठेवला की एन-३ झालेल्यांचाही हात थांबतो.

कोकणकडा:
तुम्ही दोघंही ऑफिसातल्या नोकरीपुरतं बोलताय. तोकुतेइ गिनो, म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगारांच्या व्हिसावर जाणाऱ्यांचा विचार करा. भारत-जपान करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्या व्हिसाला भाषेचा पुरावा म्हणून जेएलपीटी एन-४ चालते किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा. वृद्धसेवेच्या कामाला त्याशिवाय सेवेतल्या जपानीची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

अशा मुलामुलींना एन-४ च्या मागे लावणं मला पटत नाही. एन-४ वर्षातून फार तर दोनदा होते, निकालाला दोनेक महिने जातात, आणि दोन गुणांनी हुकली की पुढचे सहा महिने थांबा. जेएफटी-बेसिक संगणकावर, ६० मिनिटांची, २५० पैकी २०० ला पास. निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो. तिचे प्रश्न दुकान, वसतिगृह, कामाची जागा अशा रोजच्या प्रसंगांवर बेतलेले असतात. नापास झालात तरी वर्ष वाया जात नाही.

बोलणं मात्र तिच्यातही नाही. 'संवाद आणि अभिव्यक्ती' असा विभाग आहे, पण तोही पर्याय निवडण्याचाच. त्यामुळे नुसत्या जेएलपीटीला धारेवर धरू नका.

दवबिंदू:
शिकवण्याच्या बाजूने एक मुद्दा, जो पास-नापासच्या वादात हरवतो. एन-५ आणि एन-४ ला शब्द-व्याकरण आणि वाचन मिळून एकच १२० गुणांचा विभाग आहे आणि त्यात किमान ३८ पुरतात. पाठांतर चांगलं असलेला विद्यार्थी उतारे जवळजवळ सोडून देऊनही शब्दांच्या जोरावर एन-४ काढतो. एन-३ ला वाचन वेगळं होतं, त्याचे १९ वेगळे लागतात, आणि नेमका तिथेच तो आपटतो. मग 'एन-३ फार अवघड' अशी हाकाटी होते. खरं तर वाचन आधीपासूनच कच्चं होतं, एन-४ च्या एकत्र गुणांनी ते झाकलं एवढंच. म्हणून एन-४ ची गुणपत्रिका हातात आली की एकूण आकडा बाजूला ठेवा आणि खालची अ-ब-क अशी श्रेणी बघा. वाचनापुढे सगळ्यात खालची श्रेणी असेल तर त्या विभागातली एक तृतीयांशही उत्तरं बरोबर आलेली नाहीत. तसंच एन-३ च्या वर्गात बसू नका. आधी रोज एक छोटा उतारा, घड्याळ लावून, दोन महिने.

आणि मराठी बोलणाऱ्यांनी आपलं भांडवल वापरावं. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणे, 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे, 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजीतून शिकवताना ज्यावर अख्खा तास जातो, ते मराठीतून एका ओळीत कळतं. तरी आपल्याकडचे वर्ग इंग्रजी पुस्तकातल्या व्याख्या फळ्यावर उतरवत बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उलट मराठी कान दगा देतो तो ऱ्हस्व-दीर्घात: 'ओबासान' म्हणजे मावशी-काकूंच्या वयाची बाई, 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपण बोलताना एवढं लांबवत नाही, म्हणून ऐकतानाही ती मात्रा निसटते.

निळी पेन्सिल:
दवबिंदू, अगदी बरोबर. एन-२ ला त्याच कच्च्या वाचनाची किंमत वेळेत मोजावी लागते. शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून १०५ मिनिटं, प्रश्न सत्तरच्या आसपास. शब्द-व्याकरण ४० मिनिटांत उरकलं नाही तर शेवटचे मोठे उतारे हातचे जातात. वेळ खाणारा प्रश्न म्हणजे वाक्याचे चार तुकडे जुळवून चांदणीची खूण असलेल्या जागी कोणता येईल ते सांगायचा. तिथे डोक्यात न जुळवता प्रश्नपत्रिकेवर क्रमांक लिहून काढा. पुष्कळ जण वाक्य बरोबर जुळवतात आणि गोळा मात्र चांदणीऐवजी शेवटच्या तुकड्याचा भरतात. अडलात तरी काहीतरी भरून पुढे जा. चुकीला गुण कापत नाहीत, पण मधली एक ओळ रिकामी राहिली की पुढचे सगळे गोळे एकेक घर सरकण्याची भीती असते.

भाषावेल्हाळ:
परीक्षा बंद करा असं मी म्हणत नाहीच. माझी मागणी कंपन्यांकडे आहे: प्रमाणपत्र नको, विभागवार गुणपत्रिका मागा. डिसेंबर २०२५ पासून पास झालेल्यांच्या गुणपत्रिकेवर भाषा किती येते हे ए-१ ते सी-२ अशा चढत्या पायऱ्यांत सांगणाऱ्या युरोपीय चौकटीतली पातळीही छापतात. एन-२ ला ९० ते १११ म्हणजे बी-१ आणि ११२ पासून बी-२. वर सांगितलेला १०९ वाला बी-१ मध्येच बसतो. एकाच 'एन-२' शब्दाखाली दोन पातळ्या आहेत, हे आता परीक्षा घेणारेच छापून देतायत. त्यावर २० मिनिटांची जपानीतली मुलाखत घ्या: शेवटच्या प्रकल्पात काय बिघडलं ते सांगा, उशीर झाल्याबद्दल ग्राहकाला फोन करून दाखवा.

कोकणकडा:
आणि ती मुलाखत घेणार कोण? छोट्या कंपनीत जपानी येणारं एकही माणूस नसतं, म्हणून तर भरती चाललीय. तिथे कागदाशिवाय आधार नाही. जपान सरकारही कागदच बघतं: उच्च कुशल व्यावसायिकांचा व्हिसा गुण मोजून देतात, त्यात एन-१ ला १५ गुण, एन-२ ला १०. बाहेर शिकलेल्या परिचारिकेला तिथल्या राष्ट्रीय परीक्षेला बसायचं तर एन-१ लागते. हे सगळं उभं असताना विद्यार्थ्यांना 'पातळीच्या मागे लागू नका' असं सांगणं त्यांच्या हिताचं नाही.

भाषावेल्हाळ:
लागू द्या की पातळीच्या मागे. छोट्या कंपनीने मुलाखतीपुरता बाहेरचा जपानी शिक्षक तासाच्या मानधनावर बोलवावा. चुकीचा माणूस घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा जाहिरात देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दवबिंदू:
त्या शिक्षकाला आधी कामाचं स्वरूप लिहून द्या. नाहीतर तो मुलाखतीतही 'वा' आणि 'गा' या व्याकरणातल्या प्रत्ययांतला फरकच विचारत बसेल.