मदत हवी आहे: 'अस्कान्स' बघणं म्हणजे नक्की कसं बघणं?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय आणि पहिल्याच पानावर अडकले आहे. गावात नवं बिऱ्हाड येतं आणि शेजारी त्यांच्याकडे 'अस्कान्स' बघतात. शब्दकोश म्हणतो 'तिरप्या नजरेने'. तसं लिहून आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "सगळे चकणे होते का गं?" 'वाकड्या नजरेने' लिहावं तर शेजाऱ्यांची नियतच फिरते. 'कटाक्ष टाकला' म्हणावं तर अख्खी आळी प्रेमात पडलेली. काय लिहू? आणि हा शब्द आला कुठून? 'स्कॅन'चा भाऊबंद आहे का?

प्रतिसाद १
'स्कॅन'शी नातं नाही, तो लॅटिनमधल्या 'चढणे' अर्थाच्या धातूवरून आलाय. 'अस्कान्स' इंग्रजीत सोळाव्या शतकापासून दिसतो, पण त्याच्या कुळाबद्दल एकमत नाही. कोणी इटालियन 'अ स्कान्चो'कडे (तिरकं) बोट दाखवतं, कोणी डचकडे.

गंमत अर्थाची आहे. शेक्सपिअरच्या 'व्हीनस अँड अडोनिस'मध्ये (1593) अडोनिस जमिनीकडे बघत, व्हीनसकडे लक्षच नाही असं दाखवतो. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला टिपत असतो. तिथे हाच शब्द आहे. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (1667) सैतान आदम-ईव्हकडे असाच बघतो, तेव्हा त्यात मत्सराचं विष आहे. त्याच काव्यात पुढे देवदूत पृथ्वीचा आस वीसेक अंशांनी कलवतात, तेही 'अस्कान्स'च! म्हणजे मूळ अर्थ निव्वळ 'तिरका'. आज मात्र संशय किंवा नापसंती असल्याशिवाय हा शब्द सहसा येत नाही.

प्रतिसाद २
आपला 'कटाक्ष' तरी कुठे जागेवर राहिलाय? नयनबाणातून निघाला, टोमण्यापर्यंत गेला आणि आता आमच्या सासूबाईंचा स्वच्छतेवर असतो.
तुमच्या वाक्यात डोळ्यांचा हट्ट सोडा. नुसती नापसंती असेल तर 'नाक मुरडलं'. संशय असेल तर 'जरा संशयानेच बघत होते'. त्या 'च'मध्ये अर्धं काम होतं.

धागाकर्ती
दोघांचे आभार! 'च' पटला. पुढच्या परिच्छेदात हेच शेजारी साखर मागायला येतात, त्यामुळे नाक मुरडणं जड होईल. सध्या 'शेजारी त्यांच्याकडे जरा संशयानेच बघत' असं ठेवलंय. आईने पास केलं. आता पान दोनवर 'स्मर्क' आहे, त्याचा धागा उद्या काढते.